बावीस पानं

सुलक्षणा बाहेरून आली तेव्हा तिच्या डाव्या मनगटावर पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. नवल पाटील कूलरसमोर पुस्तक घेऊन बसला होता. त्याला वाटलं, हिला कुठंतरी भाजलं. मे महिन्यातली दुपारची चारची वेळ. जळगावात अशा वेळी उन्हात उभ्या असलेल्या गाडीला नुसता हात लागला तरी चटका बसतो. पानात बोट ठेवून त्यानं पुस्तक मिटलं आणि विचारलं, "काय झालं हाताला?"

"काही नाही. नाव काढली."

त्याला ऐकू आलं, नाव काढलं. "कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे?" माठातलं पाणी घेता घेता ती थांबली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसली. "अहो, नाव. पाण्यातली. होडी. डिंपलबरोबर रिंग रोडला गेले होते. तिला टॅटू काढायचा होता, मग मीपण काढून घेतला."

तिनं हात पुढे केला. प्लास्टिकच्या आत, जराशा सुजलेल्या तांबूस कातडीवर, बोटाच्या पेराएवढी होडी होती. दोन्ही टोकं वर उचललेली, आत कोणी बसलेलं नाही, खाली पाण्याच्या दोन वाकड्या रेघा. एकोणसाठ वर्षांच्या बाईच्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांच्या जरा वर. नवलनं चष्मा सारखा केला आणि बघितलं. रेघ चांगली होती, हात न थरथरता काढलेली. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात अनुरेखकाचं, नकाशे गिरवायचं, काम केल्यानं ते त्याला आधी दिसलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलायला लागला. जुन्या काळी खलाशी लोक कसे गोंदवून घेत, दूरच्या बेटांवर माशाच्या हाडाची सुई करून काजळी कशी आत ठोकत, एकेक अंग भरायला कशी वर्षं लागत. बरंच होतं ते, दोन-तीन पुस्तकांतलं मिळून. सुलक्षणा पाणी पिता पिता ऐकत होती. "हो का," ती म्हणाली, आणि पेला पालथा घालून आत गेली.

तो पुन्हा पुस्तकाकडे वळला, पण ओळ सापडेना. 'हो का' हे दोन शब्द तो किती वर्षं ऐकत होता. त्याला ते नेहमी पुढे बोला असं सांगणारे वाटायचे. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं की हे दार लोटून घेतल्यासारखं आहे, आवाज न करता. टॅटूचं त्याला काही नव्हतं. डिंपल तिच्या बहिणीची मुलगी, इथं बँकेत नोकरीला, हल्लीच्या मुली काढतात, काढोत. पण सुलक्षणा काही उठल्यासुटल्या करणारी बाई नव्हती. साधी चादर घ्यायची तर चार दुकानं फिरून यायची. म्हणजे ही होडी तिच्या मनात कितीतरी दिवस असणार. दोन खोल्यांच्या या घरात, एकाच कूलरच्या वाऱ्यात, ती होडी घेऊन वावरत होती आणि त्याला पत्ता नव्हता. आणि होडीच का? फूल नाही, ॐ नाही, मुलाचं नाव नाही. संध्याकाळी त्यानं विचारलंसुद्धा. "अशीच," ती म्हणाली, "तिथं चित्रं लावली होती भिंतीवर, त्यातली बरी वाटली." ती मेथी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही, आणि ती खोटं बोलतेय हे त्याला कळलं, आणि खोटं बोलण्याइतकंही तिला ते महत्त्वाचं वाटत नाही हेही कळलं.

गोंदण्याचा विषय या घरात एकदाच निघाला होता, आणि तोही या घरात नव्हे, शिरपूरकडच्या त्याच्या गावी, लग्नाच्या वर्षी. गोंदणारी बाई गल्लीत येऊन ओट्यावर बसली होती, सगळ्या बायका भोवती जमून नवऱ्याचं नाव गोंदवून घेत होत्या. नवल धुळ्याहून सुट्टीवर आला होता. त्याच्या आईनं, भिकुबाईनं, आतून हाक मारली, "आरे, तिना हातवर तुनं नाव गोंदी ले. बठ्ठ्या गोंदतस." सुलक्षणा सावद्याची, अकरावी शिकलेली, नवी नवरी, दाराआड उभी होती. नवल तेव्हा पंचविशीचा, धुळ्याच्या वाचनालयातली दोन कपाटं वाचून काढलेला. तो सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी बायको काही गुरंढोरं नाही तिच्यावर नाव घालायला." हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. ऑफिसात त्यानं ते कितीदा सांगितलं असेल. भिकुबाईच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, हातावर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हात तिना शे. तिले तं इचार." हात तिचा होता, पण त्यानं तिला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, तो तर तिला वाचवत होता. रात्री सुलक्षणा म्हणाली होती, "मला नाव नकोच होतं. पण ती बाई तुळशीचं रोप छान काढायची." तो हसला होता. आता चाळीस वर्षांनी आईचं ते वाक्य जसंच्या तसं, तिच्या हेलासकट, त्याच्या कानात आलं. आई निरक्षर होती. ती जाऊनही सतरा वर्षं झाली.

दोन-तीन दिवस तो बघत राहिला. सकाळी आंघोळीनंतर सुलक्षणा खिडकीशी उभी राहून मनगटाला मलम लावायची, बोटाच्या टोकानं, हळू, लहान बाळाच्या टाळूला तेल लावतात तसं. चौथ्या दिवशी खपली धरली, आणि ती खाजवू नये म्हणून दुसऱ्या हातानं नुसतं थोपटायची. त्याला ते बघताना अवघडल्यासारखं व्हायचं, जसं काही दुसऱ्याच्या घरात डोकावतोय. आणि मग एका सकाळी, ती तशी उभी असताना, खिडकीतून आलेला उजेड तिच्या गालावर बघून त्याला महेश्वर आठवलं. खरं म्हणजे ते पहिल्या क्षणीच आठवायला हवं होतं. दोघं मिळून होडीच्या जवळ गेले होते ते आयुष्यात तेवढंच एकदा.

लग्नाला आठ महिने झाले होते. धुळ्यात देवपुरात एका खोलीचा संसार. फेब्रुवारी, सत्त्याऐंशी साल. सुलक्षणानं कुणाकडून तरी ऐकलं होतं की महेश्वरचा घाट फार सुंदर आहे, आणि धुळ्याहून आग्रा रोडनं धामणोदपर्यंत सरळ बस जाते. तिनं पंधरा दिवस मागे लागून त्याला तयार केलं. पहाटेची बस, तापी गेली, शिरपूर गेलं, मग सातपुड्याचा घाट. सुलक्षणा खिडकीशी बसलेली, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी, आणि त्याच्या पिशवीत वाचनालयाचं एक जाड पुस्तक, एका दर्यावर्दी माणसावरची कादंबरी. बसमध्ये तो वाचतच होता. धामणोदला बस बदलली तेव्हाही बोट पानातच होतं. महेश्वरला उतरून ते घाटावर आले तर समोर नर्मदा, एवढी रुंद की सुलक्षणा नुसती बघत उभी राहिली. धुळ्याच्या लहानशा पांझरेच्या काठी राहणाऱ्या माणसाला नदी एवढी असते हे खरं वाटत नाही. पायऱ्यांना नावा लागलेल्या होत्या, पात्रातल्या लहानशा देवळापर्यंत नेऊन आणत. "चला ना," ती म्हणाली. नवलला पायरी सापडली होती, मागे दगडी भिंत, सावली, वारा. कादंबरी अगदी रंगात आली होती. "तू जाऊन ये," तो म्हणाला, "मी इथंच आहे." ती जरा वेळ थांबली. मग खरगोनकडच्या एका कुटुंबाबरोबर ती नावेत जाऊन बसली. नाव निघाली तेव्हा तिनं हात केला असावा. त्यानं बघितलं नाही, पण नाव निघताना माणसं हात करतातच.

ती परत आली ते त्याला आठवत होतं. पायरीवर पाणी ठिबकलं म्हणून त्याचं लक्ष गेलं. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, केस सुटलेले, चेहरा लाल, आणि दोन्ही तळहात तिनं असे पुढे धरलेले, काही आणल्यासारखे. धापा टाकत होती. "अहो, ऐका ना, काय झालं माहितीये का..."

"बावीस पानं राहिलीत फक्त," तो म्हणाला. "तेवढी होऊ दे. मग सांग."

रागानं नव्हे. अगदी प्रेमानं म्हणाला होता, हसून. ती दोन पायऱ्या खाली जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून, पाय पाण्यात सोडून. त्यानं बावीस पानं वाचली. मग बसची वेळ झाली. बसमध्ये ती काही बोलली नाही, त्यालाही विचारायचं सुचलं नाही, कारण त्याचं मन कादंबरीनं भरलेलं होतं. सेंधव्यापर्यंत त्यानं तिला त्या कादंबरीची अख्खी गोष्ट सांगितली. तिचे तळहात मांडीवर उताणे पडले होते. ती मध्ये मध्ये म्हणत होती, "हो का."

आता या वयात, खिडकीकडे बघत, त्यानं ती कादंबरी आठवायचा प्रयत्न केला. दर्यावर्दी माणूस, एक वादळ, कुठलंसं बंदर. बस. त्या माणसाचं नावसुद्धा आठवेना. शेवटी त्याचं काय झालं, बुडाला की परत आला, काही नाही. वाचनाबद्दल त्याला कधीच अपराधी वाटलं नव्हतं. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाचं वाईट चिंतणं नाही. माणूस घरात बसून वाचतो, यात कुणाचं काय जातं? उलट धुळ्यात त्याचा मान होता तो त्यामुळेच. ऑफिसातलं कुणी रामेश्वरला निघालं, कुणी दार्जिलिंगला, की आधी नवलभाऊंकडे येऊन बसायचं. कोणत्या दरवाजानं आत जा, पहाटे कुठल्या टेकडीवर उभे राहा, कुठं फसवतात. तो गेला कुठंच नव्हता, पण सगळं सांगायचा, आणि परत आलेली माणसं म्हणायची, अगदी तुम्ही सांगितलं तसंच होतं. एकदा रुपचंद नावाच्या सहकाऱ्यानं चहा घेऊन आलेल्या सुलक्षणाला विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही कुठं कुठं जाऊन आल्या मग?" ती म्हणाली, "आमचं सगळं घरबसल्या होतं." सगळे हसले. तोही हसला, कौतुकच होतं ते. हातानं तो नद्या ट्रेसिंग पेपरवर काढायचा, निळ्या शाईनं, वळणं न चुकवता, आणि घरी येऊन दुसऱ्यांनी केलेले प्रवास वाचायचा. मुलगा दीपक लहान होता, मग त्याची शाळा होती, मग जळगावला बदली झाली. सुलक्षणा दर दिवाळीला एक गाव सुचवायची, आणि तो त्या गावाबद्दल इतकं छान सांगायचा की जायची गरजच उरू नये.

पण यापेक्षाही वाईट एक गोष्ट होती, आणि तिच्यापाशी येऊन तो अडला. दीपक नोकरीला लागून पुण्याला गेल्यावर सुलक्षणा कॉलनीतल्या बायकांबरोबर सहलींना जायला लागली होती. जगन्नाथपुरी, मग हंपी, मग कन्याकुमारी. पुरीहून आली तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधीच तिनं सुरुवात केली होती, "अहो, तिथं संध्याकाळी समुद्रावर..." आणि तो म्हणाला होता, "हो, तिथं कारागीर वाळूची शिल्पं करतात." ती म्हणाली, "हां, तेच, आणि देवळाच्या स्वयंपाकघरात..." आणि तो म्हणाला, "मातीची मडकी एकावर एक ठेवून शिजवतात, सगळ्यात वरचं आधी शिजतं." त्याला वाटलं, आपण तिच्या आनंदात भाग घेतोय. हंपीच्या वेळी तिनं तीनच वाक्यं सांगितली, आणि तिन्ही त्यानं पूर्ण केली. कन्याकुमारीहून आल्यावर ती फक्त जेवण कसं होतं आणि खोलीत पाणी येत होतं का, एवढंच बोलली. ते पुस्तकात नसतं. तेव्हा त्याला काही वेगळं वाटलं नव्हतं. थकली असेल, म्हणाला असेल मनात. तिनं पाहिलेलं तिलाच सांगून टाकणारा माणूस आपण आहोत, हे त्याला आता, चौसष्टाव्या वर्षी, एका टॅटूमुळे दिसत होतं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी महेश्वर होतं. तिथं तरी त्याला काही माहीत नव्हतं. त्या नावेत काय झालं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती एक गोष्ट पूर्णपणे तिची होती, आणि ती त्यानं ऐकली नव्हती.

रविवारी सुलक्षणा सावद्याला गेली, भावाच्या नातवाचं जावळ होतं. नवलला ऊन सोसत नाही म्हणून तो घरीच राहिला. अकराच्या सुमाराला डिंपल आली, मावशी नाही हे ठाऊक नव्हतं तिला. तिनं स्वतःच्या खांद्यावरचं पीस दाखवलं, मलमाची नवी ट्यूब मावशीसाठी टेबलावर ठेवली, आणि पंख्याखाली बसून घाम पुसत म्हणाली, "काका, मावशी काय भारी आहे हो! मला वाटलं सुई लागली की उठून पळेल. ती टॅटू काढणारी मेघा म्हणाली, काकू, बोलत राहा, दुखणार नाही. मग मावशीनं ती महेश्वरची गोष्ट सांगितली ना. मेघानं तर मशीन बंद केलं दोनदा ऐकायला."

नवलनं नुसती मान हलवली.

"तुम्ही दोघांनी कधी सांगितलं नाही आम्हाला. केवढं डेंजर होतं ते!"

"कुठवर सांगितलं तिनं?" त्यानं विचारलं. आपला आवाज नेहमीसारखाच आहे याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"सगळंच सांगितलं की. मधोमध गेल्यावर वल्ह्याची दोरी तुटली, वल्हं गेलं वाहून. नाववाल्यानं घेतली उडी ते आणायला, आणि नाव लागली खाली जायला, दगडांकडे. ती खरगोनची माणसं नुसती कडा धरून रामराम म्हणत बसलेली. आणि आपली मावशी! तिनं बसायची फळी उपसली आणि लागली वल्हवायला. एकवीस वर्षांची पोरगी, काका! हाताला फोड आले, पण नाव धरून ठेवली तिनं, नाववाला पोहून येईपर्यंत. तो म्हणाला ना तिला, बाई, आज तुमने नैया रखी." डिंपलनं ते वाक्य अगदी तोऱ्यात म्हटलं, मावशीनं म्हटलं असेल तसं. "आणि तुमचंपण सांगितलं."

"माझं काय?"

"तुम्ही शेजारी बसून मोजत होता ना मोठ्यानं? एक-दोन, एक-दोन. मावशी म्हणाली, त्या मोजण्यामुळे माझा हात चालला, नाहीतर मी सोडून दिलं असतं." डिंपल हसली. "मेघा म्हणते, किती रोमँटिक. मोजत होता ना?"

कूलरचं पाणी संपत आलं होतं, पंपाचा कोरडा आवाज यायला लागला होता. नवल त्या आवाजाकडे कान देऊन बसला. मग म्हणाला, "हो. मोजत होतो."

"मावशी घाटाकडे बघून ओरडलीपण म्हणे, जीव तोडून. पण कुणाला ऐकू गेलं नाही."

डिंपल गेल्यावर तो उठला आणि कपाटातून आपली वही काढली. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद तो कॉलेजपासून ठेवत आला होता. नाव, तारीख, दोन शब्द अभिप्राय. सत्त्याऐंशीची वही पिवळी पडली होती, पण फेब्रुवारीचं पान लगेच सापडलं. त्याच्याच बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं, महेश्वर येथे वाचून संपवली, आणि पुढे अभिप्राय: शेवट मनाला लागत नाही. तो पलंगाच्या काठावर बसून ते चार शब्द बघत राहिला. त्या बावीस पानांनी त्याला काही दिलं नव्हतं, हे त्याला त्याच दिवशी कळलेलं होतं. तरी त्यानं तिला सेंधव्यापर्यंत गोष्ट सांगितली होती.

आणि तिथं बसल्या बसल्या, डिंपलचे शेवटचे शब्द कानात असताना, त्याला हाक आठवली. आठवली म्हणजे पूर्ण आठवली; पायरीचा गारवा पाठीला लागला, पानावर पडलेली पिंपळाच्या फांदीची हलती सावली दिसली, आणि पाण्यावरून आलेला तो आवाज. "नवल! नवल!" बाईचा आवाज, चिरकलेला. त्याला ऐकू आला होता. ओळीवर बोट ठेवून तो क्षणभर थांबलासुद्धा होता. इथं आपल्याला कोण ओळखणार, असेल कुणाचा तरी पोरगा नवल नावाचा, पाण्यात उतरला असेल. त्यानं मान वर केली नव्हती. सुलक्षणाचा तो आवाज आहे हे त्याच्या मनातही आलं नाही, कारण तिनं तोवर त्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं. अहो म्हणायची, इकडे म्हणायची, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतरही कधी घेतलं नाही. आयुष्यात एकदाच तिनं त्याला नावानं हाक मारली होती, बुडायची वेळ आल्यावर, आणि त्यानं ती दुसऱ्या कुणाची म्हणून सोडून दिली होती.

सहाच्या सुमाराला सुलक्षणा आली. सावद्याहून केळ्यांचा घड आणि भरताची वांगी आणलेली. तिनं पदरानं मान पुसली, वांगी जमिनीवर ओतली आणि किडकी बाजूला काढायला बसली. माहेरी जाऊन आली की ती जरा मोकळी असायची. "बाळाला अजिबात कळलं नाही केस कधी गेले ते," ती म्हणाली, "झोपलेला होता मामाच्या मांडीवर." नवल तिच्यासमोर पाटावर बसला. असा तो कधी बसत नसे, म्हणून तिनं वर बघितलं.

"डिंपल आली होती," तो म्हणाला. "महेश्वरचं सांगत होती."

सुलक्षणाचा हात वांग्यावर थांबला. मग तिनं ते वांगं फिरवून बघितलं आणि चांगल्यात ठेवलं. "ती पोरगी काही पोटात ठेवायची नाही."

"मी नावेत होतो म्हणाली."

"मग काय सांगायचं होतं परक्या मुलींना? नवरा काठावर वाचत बसला होता, असं?" ती म्हणाली, पण चिडून नाही. जराशी लाजल्यासारखीच. "आणि मी काही ते मुद्दाम नाही सांगितलं. तोंडातून आपसूक तसंच आलं. अहो, इतकी वर्षं मी ते मनातल्या मनात तुम्हाला बरोबर घेऊनच सांगते. दीपकच्या वेळी दवाखान्यात कळा येत होत्या ना, तेव्हापण तेच सांगत होते स्वतःला. तुम्ही शेजारी बसलाय, मोजताय. आता त्यात तुम्ही नव्हता हे मलाच आठवून आठवून आणावं लागतं."

"बरा होतो का मी नावेत?"

"चांगले होता," ती म्हणाली. "घाबरला होता, पण चांगले होता."

"आणि काठाला लागल्यावर?"

तिनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली. "काठाला लागल्यावर तुम्ही पायरीवर जाऊन वाचायला बसला," ती म्हणाली. "तेवढं मला काही वेगळं सुचलंच नाही कधी." आणि ती हसायला लागली. तिला हसताना बघून तोही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्या हसण्यात त्याला वाटलं की सगळ्याला काही फार उशीर झालेला नाही, की ही बाई इथं समोर बसलेली आहे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. त्यानं तिचं मनगट धरलं. खपली निघून गेली होती, होडी आता नितळ काळी दिसत होती. आणि त्याला वाटलं, आता काही राखून ठेवू नये. तिनं एवढं दिलं तर आपणही खरं ते सगळं तिच्यासमोर ठेवावं. त्याला ते चांगलं वाटलं, मोकळं, मोठ्या मनाचं.

"तू मला हाक मारली होतीस नावेतून," तो म्हणाला. "नावानं. दोनदा. मला आज आठवलं."

सुलक्षणाचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "ऐकू आली होती तुम्हाला?"

"आली होती. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला..." त्याची नजर होडीवर गेली. "मी वर बघितलं नाही."

रस्त्यावरून आइस्क्रीमच्या गाडीची घंटा गेली. तिनं आपला हात सोडवून घेतला, झटका न देता, आणि मांडीवर ठेवला.

"मला वाटत होतं, वारा उलटा होता," ती म्हणाली.

एवढंच. मग तिनं चांगली वांगी टोपलीत भरली, किडकी वेगळी उचलली आणि ती आत गेली. भाजल्या वांग्यांचा वास घरभर पसरला, जेवण झालं, भरीत नेहमीसारखंच चांगलं झालं होतं. नवलनं मध्ये एकदा म्हटलं, "आपण जाऊ या का महेश्वरला, दोघं? पाऊस झाला की?" ती म्हणाली, "बघू." तिनं नाही म्हटलं नाही, रडली नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्या गोळ्या रोजच्या वेळेला काढून ठेवल्या. मलम लावायचं आता थांबलं होतं. फक्त एक गोष्ट वेगळी झाली, आणि ती लक्षात यायला त्याला तीन दिवस लागले. पूर्वी काही हवं असलं की ती जिथं असेल तिथून हाक मारायची, स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, अहो, ऐकलं का. आता ती हाक मारत नव्हती. ओले हात तसेच घेऊन ती त्याच्या खुर्चीपर्यंत चालत यायची, आणि त्यानं पुस्तकातून मान वर करेपर्यंत समोर उभी राहायची.